अंगणातली जुनी जीप : आधी ब्रेक, मग रंग

राजुरा तालुक्याला जीप नवी नाही. डांबरी रस्ते पोहोचले नव्हते तेव्हा जंगलातल्या गावापर्यंत जाणारी दोनच वाहने होती, बैलगाडी आणि जीप. वनखात्याचा साहेब आला तर जीपने, मतपेट्या गेल्या तर जीपने आणि बाळंतीण अडली तर तिलाही जीपनेच दवाखान्यात नेले. आज त्यातल्या कितीतरी गाड्या गोठ्यामागे किंवा बाभळीखाली गंजत पडल्या आहेत. भंगारवाला किलोच्या भावाने मागतो. अशा वेळी घरातला एखादा तरुण म्हणतो, "मीच दुरुस्त करतो." त्याला वेड्यात काढू नये. मात्र त्या कामाचा क्रम त्याला ठाऊक असला पाहिजे. क्रम चुकला तर पैसा जातोच, कधी जीवावरही बेतते.

ही गाडी आली कुठून?

जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. अमेरिकेच्या विलीज कंपनीने १९४१ पासून ती सैन्यासाठी मोठ्या संख्येने बनविली. आपल्याकडे १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली, १९४८ मध्ये तिचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. १९४७ पासून परदेशातून सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडली जाऊ लागली. उंच बोनेटची जी जीप आपण जास्त पाहिली, ती सीजे-३बी. अमेरिकेत ती १९५३ साली आली. तिच्या इंजिनाचे काही व्हॉल्व डोक्यावर होते, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बोनेटही उंच करावे लागले.

घरी काम करणाऱ्याला ही गाडी सोयीची आहे. खाली लोखंडी चासी आणि वर बोल्टने आवळलेली बॉडी असल्यामुळे चार माणसे लावून बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. पाटे, गिअर, इंजिन सारे उघडे दिसते. कॉम्प्युटर कुठेच नाही.

पाना हाती घेण्यापूर्वी कागद

सर्वांत आधी आर.सी. पाहा. चासीवर ठोकलेला नंबर आणि इंजिनाचा नंबर त्या पुस्तकाशी जुळतो का, ते तपासा. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की चासीचा नंबर उमटतो. पुष्कळ जीपांचे मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसविलेले असते. तो बदल पुस्तकात नोंदलेला नसेल तर पुढे अडचण ठरलेली. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती वाढवावी लागते. गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते. त्या नियमात नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, फेरनोंदणीची ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षे ठेवली आहे. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालविता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. आपल्याला काय हवे ते आधी ठरवून चंद्रपूरच्या परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि मगच पैसा घालावा.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची गोष्ट येथे आठवते. मुलाच्या हौसेखातर त्यांनी भंगारातले भाग जमवून, सुमारे ६० हजार रुपये खर्चून, जीपसारख्या तोंडाची आणि किक मारून सुरू होणारी छोटी गाडी बनविली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर गाजली. आनंद महिंद्रा यांनी कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ती अडविली जाईल, हेही सांगितले. त्या गाडीच्या बदल्यात जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली. हाताची कला खरी होती, कागदाची अडचणही खरी होती. प्रत्येकाच्या दारी बोलेरो येत नाही.

जीव सांभाळणारे नियम

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. लोखंडी घोडी किंवा जाड लाकडी ठोकळे लावावेत. विटा लावू नयेत, त्या अचानक फुटतात. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिला वेल्डिंग लावू नये. आत राहिलेली वाफ पेटून स्फोट होतो. काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. म्हणून ड्रम हवेने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावा. आणि लहान मुले आसपास खेळत असतील तर काम थांबवावे.

कामाचा क्रम

पहिला मान ब्रेकचा. या जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. मास्टर सिलिंडर आणि चाकातले सिलिंडर उघडा, रबरी कप नवे टाका, गंजलेल्या नळ्या बदला, नवे ब्रेक ऑइल भरा. त्यानंतर स्टिअरिंगचे सांधे, पाटे आणि टायर. नक्षी शाबूत असली तरी जुन्या टायरचे रबर तडकलेले असते.

दुसरे काम इंधनाचे. टाकीतला गंज आणि सडलेले पेट्रोल काढून टाका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुने रबर खराब करते आणि हवेतला ओलावा ओढते. त्यामुळे पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची पॅकिंग इथेनॉल सोसणारी घ्यावी. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नये.

तिसरे इंजिन. वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनाला एकदम सेल्फ मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडा, दोन-चार दिवस थांबा आणि मग हाताने फिरवा. फिरले तर अर्धी लढाई जिंकली. तारा लावताना या विलीज इंजिनाचा क्रम १-३-४-२ आहे, हे लक्षात ठेवा. शिशाचे पेट्रोल आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. शिशामुळे व्हॉल्वच्या बैठकीची झीज कमी होत असे. म्हणून हेड उघडलेच असेल तर त्या बैठकी कसबी मिस्त्रीला जरूर दाखवा.

पत्रा आणि रंग अगदी शेवटी. पुष्कळ जण उलटे करतात. आधी चकचकीत रंग मारतात, गल्लीत मिरवतात आणि ब्रेकची वेळ येते तेव्हा खिसा रिकामा असतो.

घरचा हिशेब

हे काम एका उन्हाळ्यात संपत नाही. त्यासाठी बचत गटाचे कर्ज काढू नये, घरातले सोने मोडू नये. महिन्याला जेवढे झेपेल तेवढेच घालावे आणि त्याची वही घरातील बाईच्या हाती असावी. प्रत्येक भाग सोडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढावा. बोल्ट डब्यात टाकून वर चिठ्ठी लावावी. या कामी शाळकरी मुलेही मदत करू शकतात.

मिस्त्री आहेत तोवर

सास्ती, गोवरीच्या खाणी आणि नदीपलीकडचे बल्लारपूर यांमुळे या पट्ट्यात वेल्डर, फिटर, लेथवाले यांची उणीव नाही. पण पॉइंटची फट नजरेने ओळखणारे, आवाजावरून व्हॉल्व लावणारे मिस्त्री आता म्हातारे झाले आहेत. त्यातले अनेक जण कुठल्याही वर्गात शिकलेले नाहीत. काळ्या हातांना कमी लेखण्याची आपल्या देशाची जुनी खोड आहे. त्यामुळे त्यांचे ज्ञान कुणी लिहून ठेवले नाही. आय.टी.आय.त मोटर मेकॅनिक किंवा डिझेल मेकॅनिक शिकणाऱ्या मुलांनी रविवारी अशा मिस्त्रीकडे जावे, विचारावे आणि वहीत उतरवून घ्यावे. त्याच्या वेळेचे पैसेही द्यावेत.

आणि गाडी तयार झाली की पहिली फेरी रस्त्यावर नको. मोकळ्या मैदानात, पहिल्या गिअरमध्ये, एकट्याने चालवावी. ब्रेक दहा वेळा दाबून पाहावा. दहाही वेळा गाडी सरळ थांबली तरच घरच्यांना तीत बसवावे.