नवा लॅपटॉप तापतो, मग?

मुलाच्या शिक्षणासाठी घरात लॅपटॉप येतो. तासाभरात तो गरम लागतो आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो. एवढे पैसे घातले, यंत्र बिघडके तर नाही ना?

आम्ही सांगतो, थोडे तापणे हा बिघाड नव्हे. आत नखाएवढी चिप असते. सगळा हिशेब तीच करते. तिच्यात गेलेल्या विजेची उष्णता होते. पंखा ती बाहेर फेकतो, म्हणून फटीतून गरम वारा येतो. भारी काम चालू असता चिप ७०-८० अंशांपर्यंत तापते. ते चालते. १०० च्या जवळ गेली की ती आपणहून मंद होते.

मग पारख कशी करायची? लॅपटॉप टेबलावर ठेवा. गोधडीवर नको, खालच्या फटी बुजतात. घरोघरी हेच चालते! पहिले एक-दोन दिवस तो इंटरनेटवरून पुष्कळ काही उतरवून घेतो, तेव्हा जास्त तापतो. ते सोडून द्या. पुढे नुसते लिहिता-वाचतानाही हात ठेववेना, किंवा यंत्र मधेच बंद पडू लागले, तर पावती घेऊन दुकान गाठा. हमीची मुदत संपू देऊ नका.

पाठ फुगलेली दिसली, तर मात्र चार्जिंगला लावूच नका. बॅटरी फुगलेली असते, ती पेट घेऊ शकते.