स्टेशनची पाटी पिवळी का?

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर मागे टाकले की कशेडीचा घाट लागतो. रायगड जिल्हा इथे संपतो आणि पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातला खेड तालुका सुरू होतो. कोकण रेल्वे मात्र हा घाट चढत नाही. ती घाटाच्या पश्चिमेकडून, महाड तालुक्यातील वीर, सापे-वामने, करंजाडी, विन्हेरे अशी स्टेशने घेत येते आणि नातूवाडीच्या चार किलोमीटरांहून लांब बोगद्यातून दिवाणखवटीच्या बाजूला बाहेर पडते. वीरपर्यंत गाडी १९९३ साली आली, खेडपर्यंत १९९५ साली, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सगळा मार्ग खुला झाला.

ही स्टेशने लहान आहेत. गाडी थांबली तर मिनिट-दोन मिनिटे थांबते. गणपतीच्या दिवसांत, भर पावसात, रात्री दोन वाजता गच्च भरलेल्या डब्याच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आपले गाव आले की नाही, हे कळायला मुख्य आधार स्टेशनच्या पिवळ्या पाटीचाच. ती वेळेवर वाचता आली नाही तर तो पुढच्या स्टेशनात उतरतो आणि उजाडेपर्यंत तिथेच बाकावर बसतो. तेव्हा पाटीचा रंग, अक्षरांची उंची आणि पाटीची जागा हे विषय वाटतात तितके किरकोळ नाहीत.

पाटी पिवळीच का, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचे उत्तरही ठरून गेलेले आहे. ‘पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी जास्त असते, म्हणून त्याचे विकिरण कमी होते, म्हणून पिवळी पाटी धुक्यातही लांबून दिसते.’ सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून हे उत्तर इतक्या वेळा छापले गेले आहे, की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. आपण तपासून पाहू.

तरंगलांबी वाढली की विकिरण झपाट्याने कमी होते, हा रॅले यांचा नियम खरा आहे. आकाश निळे दिसते ते त्यामुळेच. पण हा नियम प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळ लहान कणांना, म्हणजे हवेच्या रेणूंसारख्या कणांना लागू पडतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. धुक्यातील पाण्याचे थेंब काही मायक्रॉनांपासून काही दशक मायक्रॉनांपर्यंत, म्हणजे तरंगलांबीच्या दहापट, वीसपट किंवा त्याहूनही मोठे. एवढे मोठे थेंब सगळ्या रंगांचे विकिरण जवळजवळ सारखेच करतात. याचा पुरावा शोधायला प्रयोगशाळेत जायला नको. धुके पांढरे दिसते, हाच पुरावा! थेंबांनी निळ्याला अडवून पिवळ्याला सोडले असते, तर धुक्यातून दिसणारा प्रत्येक पांढरा दिवा पिवळा दिसला असता. आणि विकिरणाचाच हिशेब करायचा तर पाटी लाल हवी होती.

कशेडी घाटात पावसाळ्यात ढगच रस्त्यावर उतरतात. तिथले अनेक वाहनचालक दिव्यांवर पिवळा कागद लावतात आणि फरक पडतो असे सांगतात. धुक्याच्या दिव्यांचा फायदा खराच असतो, पण तो प्रामुख्याने रंगाचा नव्हे. हे दिवे खाली बसवलेले असतात आणि त्यांचा झोत वरच्या बाजूने कापलेला असतो. त्यामुळे समोरच्या थेंबांवरून उलटून डोळ्यांत येणारा प्रकाश कमी होतो.

ठरलेल्या उत्तरात आणखी एक गोंधळ आहे. पिवळा रंग म्हणजे ‘पिवळ्या तरंगलांबीचा प्रकाश’ असे त्यात गृहीत धरले आहे. पाटीवरचा रंग तसा नसतो. तो फक्त निळा-जांभळा भाग शोषून घेतो आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे बाकीचे सगळे परत पाठवतो. वर्गात हे दोन प्रकारे दाखवता येईल. पिवळ्या कार्डाची ऊन पडलेली अरुंद पट्टी काळ्या कागदावर ठेवून प्रिझममधून पाहिली की हिरवा आणि लालही स्पष्ट दिसतो. दुसरा प्रकार मुलांना अधिक आवडतो. मोबाइलच्या पडद्यावर पिवळे चित्र आणून त्यावर पाण्याचा अगदी लहान थेंब ठेवावा. थेंबाचे भिंग होते आणि त्यात पिवळा ठिपका एकही दिसत नाही, फक्त लाल आणि हिरवे दिसतात.

आता खरे कारण हाती येते. दिवसाच्या उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरवट-पिवळ्या भागात सर्वांत संवेदनक्षम असतो. निळ्या टोकाचा ‘उजळपणा’त वाटा फार थोडा. पिवळ्या रंगाने नेमका तोच भाग टाकून दिला आहे. म्हणून पिवळा रंग पांढऱ्याच्या खालोखाल उजळ राहतो, आणि त्यावर काळ्या अक्षरांना भरपूर उठाव मिळतो. मग पांढरीच पाटी का नको? नुसता उठाव मोजला तर पांढऱ्यावर काळे थोडे सरसच ठरेल. पण पांढरी पाटी चुना लावलेल्या भिंतीत, ढगाळ आकाशात, धुक्यात हरवते. वाचण्याआधी पाटी सापडायला हवी. झाडांचा हिरवा, खडीचा करडा, आकाशाचा पांढरा, या सगळ्यांत नसलेला आणि तरीही उजळ असा रंग पिवळाच. लाल तर रात्री निकामी. अंधुक उजेडात डोळ्यांतील दंडाकार पेशी काम करू लागतात आणि त्यांना लाल रंग जवळजवळ काळाच भासतो. शिवाय ज्यांना लाल-हिरव्यात फरक कळत नाही, त्यांनाही पिवळ्यावरचे काळे वाचता येते, कारण तो फरक रंगाचा कमी आणि उजळपणाचा जास्त आहे.

ज्या ब्रिटनमधून रेल्वे आपल्याकडे आली, तिथे हा विचार बऱ्याच वळणांनी झाला. तिथे १९२३ साली लहानमोठ्या कंपन्या एकत्र होऊन चार मोठ्या झाल्या आणि प्रत्येकीने आपापले रंग व अक्षरे जपली. त्यांपैकी लंडन मिडलंड अँड स्कॉटिश या कंपनीने १९३०च्या दशकात पिवळ्यावर काळ्या अक्षरांच्या पाट्या लावल्या होत्या. १९४८ साली राष्ट्रीयीकरण झाल्यावर सहा विभागांना सहा रंग मिळाले. दक्षिणेला हिरवा, पश्चिमेला तपकिरी, स्कॉटलंडला फिकट निळा असे. त्यावर पांढरी अक्षरे आली. स्टेशनच्या पाटीच्या रंगावरून प्रवाशाला विभाग कळे, मात्र वाचनीयता सगळीकडे सारखी राहिली नसणार. पांढऱ्या अक्षरांना फिकट निळ्यावर गडद हिरव्याइतका उठाव मिळणे शक्य नाही. १९६५ साली हे सगळे बाजूला सारून देशभर पांढऱ्यावर काळी अशी एकच पद्धत आली. त्यासाठीची अक्षरे जॉक किनेअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी घडवली. ब्रिटनच्या रस्त्यांवरील फलकांची अक्षरेही याच दोघांची.

पिवळा रंग तिथे वेगळ्याच जागी टिकला, तो म्हणजे इंजिनाच्या तोंडावर. वाफेचे इंजिन धुराने आणि आवाजाने आपण येत असल्याचे लांबूनच कळवी. डिझेल व विजेची इंजिने तुलनेने गुपचूप येत. रुळांवर काम करणाऱ्या माणसांना ती वेळेत दिसावीत, म्हणून १९६०च्या दशकात इंजिनांची तोंडे पिवळी रंगवली जाऊ लागली. पुढचे दिवे पुरेसे प्रखर झाल्यावर, २०१६पासून, हे बंधन सैल झाले. गाडीच्या रंगाकडे आपण शोभा म्हणून पाहतो. गँगमनसाठी तो जीव वाचवणारा रंग होता.

आता अक्षरांकडे वळू. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. निरोगी डोळा एक कला अंतरावरचे दोन बिंदू वेगळे ओळखू शकतो. रोमन लिपीतील ‘ई’ या अक्षरात तीन आडव्या रेघा आणि दोन मोकळ्या जागा, असे पाच थर असतात. तेव्हा ते ओळखायला निदान पाच कला उंची लागते. या हिशेबाने ३० सेंटिमीटर उंचीचे अक्षर सुमारे २०६ मीटरांवरून जेमतेम ओळखू येईल. सहज वाचण्यासाठी याच्या एक-तृतीयांश, म्हणजे ७० मीटर धरावे.

देवनागरीत मात्र तीन मजले असतात. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, मधे अक्षर, खाली उकार. ३० सेंटिमीटरांच्या ओळीत मधल्या अक्षराला निम्मीच उंची उरली, तर ७० मीटरांचे ३५ मीटर होतात. शिवाय ‘ब’ आणि ‘व’ यांत फरक पोटातल्या एका तिरक्या रेघेचा, ‘भ’ आणि ‘म’ यांत शिरोरेषेजवळच्या गाठीचा. खेडच्या अलीकडचे ‘कळंबणी बुद्रुक’ हे नाव घ्या. त्यातले ‘द्रु’ हे जोडाक्षर रंगाऱ्याची आणि वाचणाऱ्याची, दोघांचीही परीक्षा घेते. नामफलकावर आधी प्रादेशिक भाषा, मग हिंदी, मग इंग्रजी असा क्रम असतो. प्रत्येक ओळीला सारखीच उंची दिली तर इंग्रजी ओळच सर्वांत लांबून वाचता येते, हा लिपीच्या घडणीचा परिणाम आहे. देवनागरीला सारखा न्याय द्यायचा तर तिची ओळ मोठी हवी.

हे शाळेच्या मैदानावर पडताळता येते. पिवळ्या आणि पांढऱ्या पुठ्ठ्यांवर ‘वीर’, ‘करंजाडी’, ‘कळंबणी बुद्रुक’ ही नावे दोन्ही लिपींत, एकाच उंचीच्या ओळीत लिहा. मुले लांबून चालत येतील आणि जिथे वाचता आले तिथे खूण करतील. ज्यांना नावे आधी ठाऊक आहेत त्यांना वगळा, नाहीतर ती ओळखून सांगतील. चष्मा लागलेला पण न घेतलेला एखादा विद्यार्थीही या प्रयोगात सापडण्याचा संभव आहे.

गाडीतून पाहताना आणखी एक अडचण येते. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने स्टेशनात शिरत आहे आणि रुळांना समांतर असलेली पाटी खिडकीपासून ४ मीटरांवर आहे असे धरू. पाटी अगदी समोर येते तेव्हा ती डोळ्यांपुढून सेकंदाला सुमारे १६० अंश या गतीने सरकते. डोळा सहजपणे साधारण ३० अंशांपर्यंतच पाठलाग करू शकतो. तीच पाटी २० मीटर पुढे असताना ही गती सेकंदाला सहा अंशच असते, पण तेव्हा ती इतकी तिरपी दिसते की रुंदी पाचव्या हिश्शावर येते. म्हणून फलाटाच्या टोकांच्या मोठ्या पाट्या येणाऱ्या प्रवाशाकडे तोंड करून उभ्या करतात.

शेवटी पुन्हा धुके. धुक्यात उठाव अंतरागणिक ठरावीक पटीने घटतो. ज्या अंतरावर तो २ टक्क्यांवर येतो, तिला आपण दृश्यमानता म्हणतो. दृश्यमानता १०० मीटर असेल तर २५ मीटरांवर मूळ उठावाचा ३८ टक्के भाग उरतो, ५० मीटरांवर १४ टक्के, ७५ मीटरांवर जेमतेम ५ टक्के. इथे अक्षरे दुप्पट मोठी केली तरी उठाव परत येत नाही, आणि रंग कोणताही लावला तरी ही घट तेवढीच राहते. अंतर कमी करणे एवढाच उपाय हाती उरतो. टोकाची मोठी पाटी कितीही उत्तम असली, तरी विन्हेऱ्यासारख्या स्टेशनात धुक्याच्या रात्री दाराशी उभ्या असलेल्या माणसाला उपयोगी पडतात त्या फलाटाच्या मधल्या खांबांवरच्या लहान पाट्या, दर डब्यासमोर एक तरी येईल अशा लावलेल्या. त्यांवरचा दिवाही पाटीच्या वरून, पाटीकडे तोंड करून हवा. पाटीच्या मागे किंवा शेजारी उघडा दिवा असला, तर उजळते ते धुके, पाटी नव्हे.