ज्यांचे बारसे झालेच नाही

आमच्या अंबाजोगाईत जिवंत माणसांचा दगड झाल्याची कथा घरोघर सांगतात. योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले, वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला आणि सारे वऱ्हाड जागच्या जागी शिळा होऊन बसले. देवी कुमारीच राहिली. इथल्या लेण्यांतले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले, असे म्हातारी माणसे पोरांना सांगतात. त्या लेण्यांना गावात नावच हत्तीखाना! ज्या गावात जिवाचा दगड होतो, तिथल्या मुलांना मातीचा जीव झाल्याचे नवल ते किती वाटणार? म्हणूनच आमच्या बारा वर्षांच्या नातीने एका जपानी मालिकेतल्या ‘बनवलेल्या आई’ची गोष्ट मला सांगितली, तेव्हा आई बनवता येते याचे तिला काहीच वाटले नव्हते. तिचा राग निराळ्याच गोष्टीवर होता.

हाताने काढलेल्या चित्रांच्या अशा जपानी मालिकांना ‘ॲनिमे’ म्हणतात. घरातल्या वडील माणसांना ती लहान मुलांची करमणूक वाटते. पण काही मालिका इतक्या काळोख्या आणि करुण असतात की आपल्याच डोळ्याला पदर लागावा. ही मालिका त्यांपैकीच एक. नाव ‘फुलमेटल अल्केमिस्ट’. अल्केमिस्ट म्हणजे किमयागार. हिरोमु अराकावा या लेखिकेची मूळ चित्रकथा २००१ ते २०१० या काळात मासिकातून क्रमशः आली. ती पुरी होण्याआधीच, २००३ साली, तिच्यावर ५१ भागांची पहिली मालिका निघाली. ज्या आईविषयी मी लिहिते आहे ती या पहिल्या मालिकेतली. मूळ चित्रकथेत ही बाई नाही.

एडवर्ड आणि अल्फॉन्स हे दोन भाऊ. बाप घर सोडून गेलेला, आई आजारात वारलेली. पोरे किमयेत हुशार. त्या विद्येचा नियम एकच : जेवढे घ्याल तेवढ्या मोलाचे द्यावे लागेल. माणूस घडवायला मात्र सक्त मनाई. पण पोरक्या मुलांना मनाई कोण ऐकवणार? त्यांनी माणसाच्या देहाचे सामान जमवले. पाणी ३५ लिटर, कार्बन २० किलो, अमोनिया ४ लिटर, चुना दीड किलो, फॉस्फरस ८०० ग्रॅम, मीठ २५० ग्रॅम, सोरा, गंधक वगैरे वगैरे. वाण्याच्या दुकानातली यादीच जणू! त्यात आपल्या रक्ताचे थेंब घातले आणि प्रयोग मांडला. नियमाने आपले मोल वसूल केले. धाकट्याचा सारा देह गेला, थोरल्याचा पाय गेला; धाकट्याचा आत्मा एका लोखंडी चिलखतात बांधण्यासाठी थोरल्याने आपला हातही दिला. आणि रिंगणाच्या मध्यभागी जे तडफडत होते ते आई नव्हते. पोरे भेदरली. ते मेले असे धरून चालली.

पण ते मेले नव्हते. दांते नावाच्या एका कपटी स्त्रीच्या गोटाने त्याला लाल खडे चारून वाढवले आणि माणसाचे रूप दिले. चेहरा त्या मुलांच्या आईचा, देह मात्र पाण्यासारखा वाहता. अशा जीवाला मालिकेत ‘होमंक्युलस’ म्हणतात. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ छोटा माणूस. हे असे सात जण आहेत आणि त्यांना ख्रिस्ती धर्मातल्या सात महापापांची नावे दिली आहेत. आपल्याकडे षड्रिपू सहा, तिकडे पापे सात : काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर हे पाच आपल्या ओळखीचे, शिवाय खादाडपणा आणि आळस. या आईच्या वाट्याला आले ते नाव ‘आळस’.

तिचे दुःख असे की मेलेल्या आईच्या आठवणी तिच्यात जाग्या आहेत. ती मुले, ते घर, सारे आठवते; पण ते सारे आपले नाही हेही तिला कळते. त्या आठवणींचा जाच संपावा म्हणून ती मुलांनाच मारायला उठते. तिला मनापासून ‘आई’ म्हणून बिलगणारा एकच जीव आहे, ‘क्रोध’ नावाचा दुसरा होमंक्युलस. तोही असाच : एका आईने आपले मेलेले तान्हे परत आणण्यासाठी केलेल्या प्रयोगातून झालेला आणि मग टाकून दिलेला. शेवटच्या झुंजीत एडवर्ड तिच्या पाणीदार देहाचा मद्यार्क करतो आणि ती वाफ होऊन हवेत विरते.

गोष्ट सांगून झाल्यावर आमची नात म्हणाली, “आजी, तिचं बारसं कुणी केलंच नाही गं! आळस हे काय नाव झालं?”

वाचकहो, या प्रश्नाने मी गप्प झाले, त्याला कारण आहे. आमची नात दत्तक आलेली आहे. आठ महिन्यांची असताना आली. तिला ते ठाऊक आहे, आम्हीच सांगितले. ती घरी आली तेव्हा मी बारसे करायचे ठरवले, तर नात्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “आता कसलं बारसं? ते बाराव्या दिवशी असतं. आणि मूल कुणाचं, कुठलं, ठाऊक नाही.” मी घुगऱ्या भिजत घातल्या. लेकीने भाचीच्या कानात नाव सांगितले, पाळणा हलला आणि वाड्यातल्या सगळ्या बायका ओटी घेऊन गेल्या. त्या बाई आल्या नाहीत.

मनुष्य घडवण्याची हौस जगाला जुनी आहे. काचपात्रात छोटा माणूस वाढवण्याची कृती सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्सस नावाच्या वैद्याच्या नावावर सांगितली जाते. १८१८ साली मेरी शेली या तरुण लेखिकेने ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिली. तीत घडवणारा विद्यार्थी आपल्या निर्मितीने डोळे उघडताच घाबरून पळतो आणि त्या बिचाऱ्याला पुस्तक संपेपर्यंत नाव मिळत नाही. पुढे तो क्रूर होतो. पण आधी तो माणसांच्या दारात आसरा मागत हिंडला होता, हे आपण विसरतो.

आता आपल्या घरची गोष्ट पाहा. श्रावणात पुष्कळ घरी ‘नवनाथ भक्तिसार’ वाचतात. मालू कवीने शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली, ती पोथी रचली. ‘फ्रँकेन्स्टाइन’नंतर अवघ्या एका वर्षाने! या पोथीतल्या नाथांचे जन्म सरळ रीतीचे नाहीतच. मच्छिंद्र माशाच्या पोटचा, जालिंदर यज्ञाच्या अग्नीतला, कानिफा हत्तीच्या कानातला. गोरक्ष तर उकिरड्यातला. आईने अविश्वासाने भस्म तिथे फेकले आणि बारा वर्षांनी त्यातून मूल निघाले.

हा गोरक्ष एकदा संजीवनी मंत्राचा पाठ करीत बसला होता. गावची पोरे चिखल घेऊन आली : आम्हाला गाडी करून दे. त्याने केली. मग गाडीवान हवा, असा हट्ट झाला. ओठांवर मंत्र, हातात चिखल; पुतळा पुरा होतो न होतो तोच त्यात जीव आला. पोरे ‘भूत भूत’ म्हणत पळाली आणि खुद्द गोरक्षही भेदरला. इथवर आपली कथा आणि परदेशची कथा एकाच वाटेने चालतात. घडवणारा भितो, पळतो.

पण आपल्या कथेत मच्छिंद्रनाथ येतात. ते त्या चिखलाच्या पोराला उचलतात, वस्त्रात गुंडाळतात, गाईचे दूध पाजतात. मग मधुनाभा नावाचा ब्राह्मण आणि त्याची बायको गंगा या निपुत्रिक जोडप्याच्या ओटीत ते मूल घालतात. त्याचे नाव गहिनीनाथ. आमच्याच बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, गहिनीनाथ गड आहे.

दोन्ही कथांतले सामान सारखेच आहे. चुना काय नि चिखल काय. एका ठिकाणी कुणी ओटी पसरली, दुसऱ्या ठिकाणी कुणी पसरली नाही, एवढाच फरक. आणि पुढचे सारे त्यातून घडले.

हा विचार पोथ्यांपुरता नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, तेव्हा आमच्या वाड्यात बायका कुजबुजत होत्या : असले मूल आपल्या मुलांसारखे असेल का हो? आज त्याच वाड्यातल्या एका घरी तशाच उपचाराने झालेली जुळी अंगणात धिंगाणा घालतात आणि कुजबुजायला कुणाला सवड नाही.

गहिनीनाथाचे पुढे काय झाले? परंपरा सांगते की त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर वाघाच्या भीतीने वाट चुकलेला एक मुलगा त्याच्या गुहेत शिरला. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना गावाने वाळीत टाकले, त्या घरातला हा थोरला, निवृत्ती. गहिनीनाथाने त्याला जवळ घेतले, उपदेश दिला. निवृत्तीने तो धाकट्या भावाला दिला आणि १२९० साली ज्ञानेश्वरी झाली. त्या ग्रंथाच्या अखेरीस ज्ञानदेवांनी गुरूंची मालिका सांगितली आहे, तीत गहिनीनाथाचे नाव आहे. मालू कवीची पोथी त्यानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी रचलेली. तेव्हा इतिहासाचे अभ्यासक चिखलाच्या पुतळ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि त्यांनी ठेवूही नये. पण आपल्या लोकांनी ज्ञानदेवांच्या गुरूच्या गुरूला चिखलातून, परक्याच्या ओटीतून आणले, त्यात त्यांना काही उणे वाटले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

तेव्हा यंदाच्या दिवाळीत कुणाच्या घरी नवे मूल आले असेल, दवाखान्यातून आले असो की संस्थेतून, दिवस बारावा असो की दोनशे चाळिसावा, त्याचे बारसे जरूर करा. आमंत्रण आले तर घुगऱ्या खायला जरूर जा.