अपडेटनंतर बोर्ड उठत नाही? आधी कार्ड फॉरमॅट करू नका

आजचा विषय छोट्या बोर्डांचा. रास्पबेरी पायवर अपडेट लावलं, रीबूट केलं, आणि नंतर लाल दिवा चालू पण पडदा काळाच. वायफायवरून जोडायला जावं तर बोर्ड सापडत नाही. अशा वेळी बहुतेकजण कार्ड काढून विंडोज लॅपटॉपमध्ये घालतात. तिथे बऱ्याचदा एक चौकट येते: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. घाईत ‘हो’ म्हटलं की खरं नुकसान तिथे होतं, अपडेटमध्ये नव्हे.

कारण सांगतो. पायच्या कार्डावर सहसा दोन पार्टिशन असतात. पहिलं लहान, फॅट पद्धतीचं. बोर्ड सुरू करणाऱ्या फाइली तिथे असतात. दुसरं मोठं, लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीचं. तुमचे प्रोग्रॅम, सेन्सरच्या नोंदी, डेटाबेस सगळं त्यात. विंडोजला हे दुसरं वाचता येत नाही, म्हणून ते रिकामं समजून फॉरमॅट करू का असं विचारतं. ‘नाही’ म्हणा. अपडेटनंतर बिघाड होतो तो बहुतेक वेळा पहिल्या पार्टिशनमध्ये. तुमचा डेटा दुसऱ्यात शाबूत असण्याची शक्यता चांगली असते. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी अख्ख्या कार्डाची इमेज काढून ठेवा. लिनक्सवर डीडी कमांडने, विंडोजवर कार्ड वाचून इमेज करणाऱ्या एखाद्या मोफत प्रोग्रॅमने.

आता बोर्ड सुरू होतो कसा ते पाहू. सरकारी कचेरीत कागद या टेबलावरून त्या टेबलावर जातो, तसंच इथे आहे. कागद कुठल्या टेबलावर अडकला एवढं कळलं की निम्मं काम झालं.

पहिलं टेबल म्हणजे मुख्य चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्रॅम, बूट रॉम. तो कुठल्याही अपडेटने बदलत नाही. पुढचं टेबल मात्र मॉडेलनुसार बदलतं, आणि गोंधळ नेमका इथे होतो. पाय ३ पर्यंतच्या बोर्डांवर बूट रॉम कार्डावरची बूटकोड नावाची फाइल शोधतो. म्हणजे बूटलोडर कार्डावरच. दुसरं चांगलं कार्ड घातलं की बोर्ड उठतो. २०१९ मध्ये आलेल्या पाय ४ पासून बूटलोडर बोर्डावरच्या एका छोट्या ईईप्रॉम चिपमध्ये गेला. तो पुढे कार्डावरची स्टार्ट४ ही फर्मवेअर फाइल उचलतो, ती कॉन्फिग फाइल वाचते आणि कर्नल चढवते. २०२३ च्या पाय ५ मध्ये ती स्टार्ट फाइलही लागत नाही. तिचं काम ईईप्रॉममध्येच सामावलं आहे.

तेव्हा पाय ४ किंवा ५ असेल तर पहिली तपासणी फुकटची आहे. कार्ड आणि यूएसबीला लावलेलं सगळं काढा, एचडीएमआय जोडा आणि वीज द्या. पडद्यावर बूटलोडरची माहिती दाखवणारा पडदा आला तर ईईप्रॉम ठीक आहे, दोष कार्डात शोधा. काहीच आलं नाही, हिरवा दिवाही लुकलुकला नाही, तर ईईप्रॉमवर संशय घ्या.

ईईप्रॉम बिघडला म्हणजे बोर्ड मेला, असं अनेकजण समजतात. तसं नाही. अपडेटबरोबर ईईप्रॉमची नवी आवृत्ती येते, ती पुढच्या रीबूटच्या वेळी लिहिली जाते, आणि नेमकी तेव्हा वीज गेली तर ती अर्धवट राहू शकते. पण पाय ४ चा बूट रॉम ईईप्रॉमकडे जाण्याआधी कार्डावर रिकव्हरी नावाची फाइल आहे का ते बघतो. रास्पबेरी पाय इमेजर या मोफत प्रोग्रॅममध्ये इतर उपयोगी इमेजांच्या यादीत बूटलोडर असा पर्याय असतो. तो एखाद्या पडीक कार्डावर लिहा (तुमच्या मूळ कार्डावर नको!), बोर्डात घाला, वीज द्या, दहा-पंधरा सेकंद थांबा. काम झालं की हिरवा दिवा एकसारखा भराभर लुकलुकतो आणि पडदा हिरवा होतो. मग वीज बंद करून ते कार्ड काढा. एवढंच.

दोष कार्डात असेल तर दिव्याची भाषा उपयोगी पडते. हिरवा दिवा थांबून थांबून चार वेळा लुकलुकला तर स्टार्ट फाइल सापडली नाही. सात वेळा म्हणजे कर्नल सापडला नाही. आठ वेळा असेल तर मेमरीचा दोष, तिथे कार्डाशी झगडण्यात अर्थ नाही. रंगीत इंद्रधनुषी चौकोन दिसून तिथेच थांबलं, तर फर्मवेअर चढलं आणि गाडी कर्नलपाशी अडली.

या फाइली गायब का होतात? एक कारण सरळ आहे: अपडेट चालू असताना वीज गेली किंवा कोणी वायर ओढली. फॅट पद्धतीत जर्नल नसतं, त्यामुळे अर्धवट लिहिलेली फाइल अर्धवटच राहते. लिनक्स संगणकावर या पार्टिशनवर एफएससीके चालवा.

दुसरं कारण माझ्या मते सर्वात दुर्लक्षित आहे: जागा संपणं. जुन्या बुल्सआय आवृत्तीच्या इमेजमध्ये हे पहिलं पार्टिशन २५६ एमबीचं होतं. २०२३ च्या बुकवर्ममध्ये ते ५१२ केलं. कारण ६४ बिटांच्या बुकवर्ममध्ये दोन कर्नल येतात, एक सगळ्यांसाठी आणि एक पाय ५ साठी, आणि प्रत्येकाची इनिटरॅमएफएस फाइल वेगळी. जुन्या कार्डावरच नवी आवृत्ती चढवली की जागा अपुरी पडते आणि अपडेट मध्येच थांबतं. बोर्ड पाय ४ असेल तर २७१२ हा आकडा नावात असलेली कर्नल आणि इनिटरॅमएफएस फाइल त्याला लागत नाही. त्या दोन काढून जागा करा. बोर्ड उठला की अर्धवट पॅकेजांची मांडणी डीपीकेजी कमांडने पूर्ण करा आणि ते पाय ५ चं कर्नल पॅकेजही काढून टाका.

तिसरं कारण फसवं, कारण बोर्ड उठतो पण लंगडा. बुकवर्मपासून पहिलं पार्टिशन बूट या फोल्डरऐवजी त्याच्या आतल्या फर्मवेअर या फोल्डरला जोडलं जातं. हाताने आवृत्ती बदलताना एफएसटॅब फाइलमधली ती ओळ जुनीच राहिली, तर पहिल्या पार्टिशनवर जुना कर्नल राहतो. मग नव्या मॉड्यूलशी त्याचं जुळत नाही, आणि वायफाय किंवा आवाज गायब. यूनेम कमांडने चालू कर्नलचा आकडा बघा आणि लिबच्या आतल्या मॉड्यूल्स फोल्डरमध्ये त्याच आकड्याचं फोल्डर आहे का ते पडताळा.

हरवलेल्या फाइली परत आणायला तीच आवृत्ती दुसऱ्या कार्डावर लिहा आणि तिथून स्टार्ट आणि फिक्सअप फाइली उचला. पण कॉन्फिग आणि सीएमडीलाइन या दोन फाइलींवर नव्या चिकटवू नका. सीएमडीलाइनमध्ये तुमच्या दुसऱ्या पार्टिशनचा ओळखक्रमांक असतो. नव्या कार्डाचा क्रमांक वेगळा. तो चुकला की कर्नल उठतो आणि घर सापडत नाही म्हणून उंबऱ्यावर थांबतो. कर्नल बदललात तर त्याच आकड्याचे मॉड्यूलही दुसऱ्या पार्टिशनमध्ये हवेत.

ऑरेंज पाय किंवा रॉकचिपचे बोर्ड असतील तर गोष्ट निराळी. तिथे बहुधा यू-बूट असतो, आणि तो फाइल म्हणून दिसतच नाही. कार्डाच्या सुरुवातीला, पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत तो बसतो: ऑलविनर चिपसाठी ८ केबीपासून, रॉकचिपसाठी ३२ केबीपासून. म्हणून नुसत्या फाइली कॉपी करून नवं कार्ड उठत नाही. शिवाय आरके३३९९ सारखी चिप कार्डाआधी बोर्डावरची ईएमएमसी बघते. कार्डावर नवी सिस्टिम आणि तिला चढवणारा ईएमएमसीतला तीन वर्षांपूर्वीचा यू-बूट, अशी जोडी जमते आणि आपण कार्ड बदलत बसतो. अशा वेळी ईएमएमसी सुटी निघत असेल तर काढून बघा.

एवढं करूनही कळलं नाही तर सिरीयल वायर लावा. ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर घ्या. ५ व्होल्टचा लावलात तर पिना जळू शकतात. पाय ४ वर ग्राउंड ६ नंबरच्या पिनेला, अडॅप्टरची आरएक्स ८ ला, टीएक्स १० ला. वेग ११५२००, रॉकचिपच्या अनेक बोर्डांवर १५०००००. पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये यूआर्ट चालू करायची ओळ आधी घालावी लागते. मग वीज द्या आणि अक्षरं थांबतील ती शेवटची ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या. मदत मागताना ‘चालत नाही’ ऐवजी ती ओळ आणि बोर्डाचं मॉडेल सांगा.