महाविद्यालयानंतरची धाव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

धावण्याच्या व्यवसायाविषयी ज्यांच्या मनात काही ठाम कल्पना रुजल्या आहेत त्यांनी, कडाक्याची थंडी, संततधार पाऊस आणि समोरून अंगावर येणारा वारा अशा त्रिविध आपत्तीत १६ एप्रिल २०१८ रोजी बोस्टन येथे जी मॅरेथॉन पार पडली, तिच्या निकालपत्रकावर एकवार अवश्य दृष्टी टाकावी. पुरुषांत पहिला आलेला युकी कावाउची हा जपानमधील सैतामा प्रांताच्या सरकारी नोकरीत, एका शाळेच्या कचेरीत, पूर्ण वेळ काम करीत होता. स्त्रियांत दुसरी आलेली सारा सेलर्स ही अ‍ॅरिझोनातील एका रुग्णालयात भूल देणारी परिचारिका. पदरचे प्रवेशशुल्क भरून ती आयुष्यातील दुसरीच मॅरेथॉन धावत होती आणि तिच्या वाट्याला ७५,००० डॉलरांचे पारितोषिक आले. पहिल्या आलेल्या डेझिरे लिंडेनपाशी मात्र बुटांच्या कंपनीचा करारनामा होता. पण विद्यार्थिदशेत राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन विजेतेपद तिला एकदाही लाभले नव्हते.

अमेरिकेत धावपटू घडतात ते बहुतांशी विद्यापीठांत; त्यामुळे तेथे जो अजिंक्य ठरला तोच पुढे टिकतो आणि बाकीच्यांनी पदवीबरोबर बूटही गुंडाळून ठेवावेत, हा समज सर्वांत रूढ आहे. तो निखालस खोटा म्हणता येत नाही, कारण कंपन्यांचे लोक प्रथम विजेत्यांच्याच दारी जातात. परंतु महाविद्यालयीन मैदानावरील सर्वांत लांबची शर्यत १०,००० मीटरांची, आणि क्रॉसकंट्रीच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांना १० व स्त्रियांना ६ किलोमीटर धावावे लागते. मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर ज्या गुणांची कसोटी पाहतात, त्या विषयाची परीक्षाच विद्यापीठ घेत नाही, मग तिचा निकाल तेथे शोधण्यात काय हशील? लिंडेनने बोस्टन जिंकली ती वयाच्या ३४व्या वर्षी, आणि तेथे अमेरिकन स्त्री विजयी होण्याचा योग तब्बल ३३ वर्षांनी आला. मध्यम अंतराच्या शर्यतींतही असे दाखले आहेत. ऑरेगनमधील विलमेट या लहानशा विद्यापीठात शिकलेला निक सिमंड्स महाविद्यालयीन स्पर्धांच्या ज्या तिसऱ्या श्रेणीत धावला, तेथे क्रीडा-शिष्यवृत्ती देण्याची मुळी मुभाच नाही. त्याने २०१३ साली मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत ८०० मीटरांचे रौप्यपदक मिळवले. याच्या उलट मॉली सायडेल. चार राष्ट्रीय विजेतेपदे पटकावून बाहेर पडलेल्या या मुलीला पदवीनंतर प्रथम आहारविषयक विकारावर उपचार घ्यावे लागले, पुढे बोस्टनमध्ये कॉफीच्या दुकानात आणि परक्यांची मुले सांभाळण्यात दिवस काढावे लागले. टोकियो ऑलिंपिकच्या मॅरेथॉनचे कांस्यपदक त्यानंतरचे.

व्यावसायिक म्हटला की त्याला दरमहा तनखा मिळत असणार, हा दुसरा समज पहिल्याहून अधिक घातक आहे. वस्तुतः धावपटू हा कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार असतो. आलेल्या रकमेतून प्रतिनिधीची दलाली, जी सामान्यतः १५ टक्के असते, वजा जाते, आणि कराचा भरणाही त्याचा त्यालाच करावा लागतो. करारनाम्यात रकमेच्या आकड्याहून अधिक बारकाईने वाचावे असे कलम म्हणजे कपातीचे: ठरलेल्या संख्येने शर्यती झाल्या नाहीत किंवा क्रमवारीत घसरण झाली तर मोबदला कापला जातो, म्हणजे पाय जायबंदी होऊन उपचारांसाठी पैशांची निकड असते नेमक्या त्याच काळात तो आटतो. गर्भारपणासही हाच न्याय लावला जात असे. २०१९ साली अलिशिया मोंटान्यो आणि कारा गौचर या धावपटूंनी गुप्ततेची बंधने मोडून, आणि त्यांच्या पाठोपाठ अ‍ॅलिसन फेलिक्सने, ही गोष्ट चव्हाट्यावर आणली, तेव्हा कोठे त्याच वर्षी नायकी कंपनीने गर्भवती धावपटूंना १८ महिन्यांचे संरक्षण कबूल केले.

विद्यार्थ्याने पैसा स्वीकारला की विद्यापीठीय स्पर्धांचे दार त्याला कायमचे बंद, ही समजूत तर आता जुनी झाली. १ जुलै २०२१ पासून अमेरिकन विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि प्रतिमेच्या जाहिरातीतून उत्पन्न मिळवण्याची मोकळीक आहे.

माझ्या मते खरा प्रश्न पैशाहून वेगळा आहे. पदवीदान झाले की त्याबरोबर प्रशिक्षक, वैद्य, मैदान, निवारा आणि पहाटे बरोबरीने धावणारे दहा-पंधरा सोबती हे सारे एकदम सुटते. या सर्वांची नव्याने जुळवाजुळव करणे हेच व्यावसायिक धावण्यातील पहिले आणि सर्वांत अवघड काम होय. मिशिगनमधील हान्सन बंधूंनी १९९९ साली काढलेल्या संघाचे मोठेपण मी यातच मानतो, कारण विद्यापीठात मध्यम ठरलेल्या धावपटूंना त्यांनी राहण्यास घर, आपल्या बुटांच्या दुकानात अर्धवेळ काम आणि सोबतीला संघ दिला. लिंडेन तेथेच घडली.

आपल्याकडे क्रम उलटा: नोकरी आधी, शर्यत नंतर. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला, शर्यतींच्या धावण्याकडे तेथेच वळला आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक त्याने आणले. सातारा जिल्ह्यातील मोहीची ललिता बाबर रेल्वेच्या सेवेत असताना २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आली. या व्यवस्थेत पगार बुटांच्या कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही, ही सोय लहान नव्हे. परंतु तिचा लाभ बहुधा भरतीच्या वयात वा पदक हाती आल्यावर होतो. विद्यापीठ-स्पर्धेत पाचवा-सहावा येऊन बी. ए. झालेल्या, आणखी चार वर्षे मिळाली तर कदाचित मॅरेथॉनमध्ये चमकेल अशा मुलासाठी हान्सन बंधूंच्या घरांसारखी सोय आपल्या मुलखात क्वचितच आढळते, आणि म्हणून तो स्पर्धा-परीक्षेच्या वर्गात नाव घालतो.