लॅब्राडोराइट: झळाळी येते कुठून?

करडा दगड किंचित तिरपा केला की त्यावर मोरपिशी निळा-हिरवा रंग उमटतो. लॅब्राडोराइट हा कॅल्शियम-सोडियमचा फेल्डस्पार. जमिनीखाली तो अतिशय सावकाश निवला, तर त्यात मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढे पातळ थर वेगळे होतात. त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात; काही रंग उजळतात, बाकीचे मावळतात.

महाराष्ट्रात हे खनिज दुर्मिळ नाही. दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते भरपूर आहे. कसारा-इगतपुरी भागातल्या काही थरांत अशा फेल्डस्पारचे स्फटिक चांगले काही सेंटिमीटर लांब असतात. पण लाव्हा भूपृष्ठावर लवकर थिजल्याने त्यांत ती झळाळी नाही. भंडारा जिल्ह्यातले मोहाडी तर बेसाल्टच्या पूर्व सीमेपलीकडे, नीस-शिस्टसारख्या कितीतरी जुन्या खडकांच्या प्रदेशात. शेजारच्या तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीज निघते. त्या खडकांतला नारिंगी गार्नेटही देखणा, पण रंग बदलणारा नव्हे.

दागिन्यांचा लॅब्राडोराइट मुख्यतः मादागास्कर, कॅनडा आणि फिनलंडचा. कठिनता ६ ते ६.५, शिवाय तो दोन दिशांनी सहज फुटतो. त्यामुळे रोजच्या अंगठीपेक्षा पेंडंट किंवा कानातल्यांत तो जास्त टिकतो. कारागीर तो घुमटाकार घासतात. थरांची दिशा चुकली तर झळाळी हरवते.

बाजारात ‘रेनबो मूनस्टोन’ म्हणून मिळणारा पांढरा खडा बहुतेक वेळा लॅब्राडोराइटच असतो. मूनस्टोनचा भाव देण्यापूर्वी पावतीवर खनिजाचे नाव लिहून घ्या.