जुनी गाडी, घरचे हात

‘मॅटॅडोर’ हा शब्द ठाऊक नाही असे घर आपल्या वस्तीत सापडणे कठीण. लग्नाचे वऱ्हाड असो, भाजीच्या गोण्या असोत, की आजारी म्हाताऱ्याला रातोरात मोठ्या दवाखान्यात न्यायचे असो, मॅटॅडोर बोलवा म्हटले की काम झाले. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पो कंपनीने ही गाडी १९६९ पासून २००० पर्यंत बनवली. पण वाचकहो, ‘टेम्पो’ हे नाव मुळात जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातल्या एका कारखान्याचे आहे, आणि तिथे १९४९ साली जी पहिली मॅटॅडोर निघाली तिला इंजिन फोक्सवॅगन कंपनीचे होते, हे फार थोड्यांना माहीत असेल. त्या मॅटॅडोरच्या मागोमाग फोक्सवॅगननेही स्वतःची एक गाडी काढली. आज पन्नास-साठ वर्षांनंतरही युरोप-अमेरिकेतली साधी माणसे ती गाडी आपल्या अंगणात, स्वतःच्या हाताने दुरुस्त करून चालवतात. त्या गाडीची आणि त्या कामाची ही हकीकत. आपल्यापैकी कित्येक घरांत फिटर, वेल्डर, टर्नर, एस. टी. किंवा रेल्वे वर्कशॉपमधला माणूस आहे. त्याला ही हकीकत वाचताना हात शिवशिवल्यासारखे होतील.

कामगारांच्या ढकलगाडीतून

वोल्फ्सबर्गच्या मोटार कारखान्यात कामगारांनी आतला माल वाहण्यासाठी जुन्या सुट्या भागांची एक सपाट गाडी जोडली होती. मागे इंजिन, त्यावर चालक, पुढे नुसती फळी. बेन पोन नावाचा हॉलंडचा मोटार व्यापारी तिथे आला, त्याच्या नजरेत ती गाडी भरली आणि एप्रिल १९४७ मध्ये त्याने वहीच्या पानावर एका डब्यासारख्या गाडीचे चित्र काढले. मार्च १९५० मध्ये ती डब्बागाडी कारखान्यातून बाहेर पडू लागली. म्हणजे मूळ कल्पना कामगारांच्या गरजेची आणि नाव व्यापाऱ्याचे. असे जगात सगळीकडेच घडते. असो.

१९५१ साली वेस्टफालिया या जर्मन कंपनीने या डब्यात बसेल असे लाकडी सामान काढले. रात्री बिछाना होणारे बाक, छोटे कपाट, स्वयंपाकाची सोय. हीच पुढे ‘कॅम्पर व्हॅन’ झाली, म्हणजे चाकावरची खोली. हॉटेलचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबांना सुटीत मुलाबाळांसह बाहेर पडता येऊ लागले. दोन तुकड्यांची पुढची काच असलेली पहिली गाडी १९६७ पर्यंत निघाली, एका मोठ्या काचेची दुसरी जर्मनीत १९७९ पर्यंत. ब्राझीलमध्ये तर तिचेच भावंड डिसेंबर २०१३ पर्यंत बनत होते. गाडीत एअरबॅग आणि नव्या पद्धतीचे ब्रेक बंधनकारक झाले, तेव्हाच ते थांबले.

खरा वैरी गंज

जुनी कॅम्पर घेणारा माणूस रंग पाहून भुलतो आणि मग वर्षभर डोक्याला हात लावून बसतो. चकचकीत रंगाखाली बोटभर लांबी भरलेली असते. म्हणून जाणकार माणूस खिशात लोहचुंबक घेऊन जातो. लांबीवर चुंबक चिकटत नाही. तो गाडीखाली आडवा होतो, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, चाकांच्या कमानी, जॅक लावायची जागा आणि बॅटरीखालची ताटली स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहतो. पुढच्या काचेच्या रबराखाली आणि छताच्या पन्हळीत पाणी साचते, तिथेही पाहतो. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही. तळाचे पोकळ पत्र्याचे चौकोन आणि वरची बॉडी मिळूनच गाडी उभी असते. त्यामुळे तळ कुजला की गाडी नुसती कुरूप होत नाही, धोक्याची होते.

वेल्डिंगचे काम घरी करणाऱ्यांची पहिली चूक ठरलेली असते. सगळा कुजका पत्रा ते एकदम कापून काढतात. मग बॉडी खाली बसते, सरकते दार लागत नाही, आणि नवा पत्रा वाकड्या मापावर बसतो. आपल्याकडचा कोणताही मुरलेला पत्रेवाला हेच सांगेल की आधी दाराच्या चौकटीत आतून लोखंडी नळ्यांचे आडवे टेके टाकावे, गाडी सपाट जागी भक्कम घोड्यांवर घ्यावी, आणि एका वेळी एकच भाग कापावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढावी, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवावी, आतले फोम-कापड बाहेर काढावे. आणि पाण्याची बादली घेऊन एक माणूस शेजारी उभा असावा, कारण पत्र्याच्या मागच्या बाजूला काय धुमसते आहे ते वेल्डिंग करणाऱ्याला दिसत नाही. नवा पत्रा लांब सलग न जोडता ठिकठिकाणी टिपके देत जोडावा, नाहीतर उष्णतेने पत्रा पापडासारखा वळतो. शेवटी जस्ताचा प्रायमर, रंग, आणि पोकळ पट्ट्यांच्या आत पातळ मेण फवारावे. बाहेरचा रंग लोक पाहतात, गाडी टिकते ती आतल्या मेणावर.

एक गाडी जी रंगवली नाही

इथे एका वेगळ्या गाडीविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. तिथे इसाउ जेन्किन्स नावाचे काळे गृहस्थ राहत. शाळा चौथीपर्यंत झालेली. त्या काळी त्या राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेचा भाग वाचून दाखवावा लागे, आणि काळ्या लोकांना शाळाच धड मिळाली नव्हती. जेन्किन्स आपल्या बसमधून बेटावरच्या मजुरांना चार्ल्स्टन शहरात कामाला पोचवत. ते आणि त्यांची पत्नी जेनी यांनी बसमधल्या माणसांना घटनेचे कागद वाटले आणि कामाला जाता-येता वाचून घ्यायला सुरुवात केली. अ‍ॅलिस वाईन नावाच्या एका बाईने आपल्याला नीट वाचायला शिकवा असा आग्रह धरला. त्यातूनच जानेवारी १९५७ मध्ये त्या बेटावर प्रौढांची पहिली ‘नागरिकत्व शाळा’ निघाली. सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेचे मार्गदर्शन होते आणि वर्गावर बर्निस रॉबिन्सन होत्या, व्यवसायाने केशभूषाकार. पुढे अशा शाळा दक्षिणेत गावोगाव पसरल्या.

त्याच जेन्किन्स यांच्याकडे नंतर १९६६ ची फोक्सवॅगन बस आली. तिच्या मागच्या बाजूला त्यांनी अक्षरे रंगवून घेतली होती, त्यांचा अर्थ असा की प्रेम म्हणजे प्रगती, द्वेष महागात पडतो. १९७२ साली ते वारले. गाडी घरामागे ऊन-पावसात चाळीसहून अधिक वर्षे पडून राहिली. २०१४ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाने तिचे अक्षरे असलेले पत्रे जतनासाठी घेतले, आणि उरलेली गाडी २०१९ साली त्याच शहरात काचेच्या पेटीत लोकांसमोर ठेवली गेली. तिला नवा रंग दिला नाही. गंज वाढू नये एवढीच व्यवस्था केली.

प्रत्येक जुन्या गाडीला हा नियम लावता येणार नाही. जी रस्त्यावर चालवायची, जिच्यात लेकरे बसवायची, तिचा कुजका पत्रा कापलाच पाहिजे, तिथे भावना उपयोगाची नाही. पण चालणारच नाही अशी गाडी असेल, आणि तिच्यावर कुणाच्या हाताची अक्षरे असतील, तर पॉलिश पेपर हातात घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. एकदा घासलेले अक्षर परत येत नाही.

इंजिन सोपे, पण लाड मागते

या गाडीचे इंजिन मागे असते आणि हवेने थंड होते. रेडिएटर नाही, पाणी नाही. चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे झोपलेले. पाना धरता येणाऱ्याला समजेल इतके ते साधे आहे. १९६९ साली अमेरिकेत जॉन म्यूर नावाच्या, इंजिनियरची नोकरी सोडलेल्या माणसाने या गाड्यांच्या दुरुस्तीचे पुस्तक स्वतःच छापून काढले. ते त्याने मुद्दाम अशा माणसासाठी लिहिले ज्याने आयुष्यात पाना धरलेला नाही. भाषा घरगुती, चित्रे हाताने काढलेली. कितीतरी बायका-पुरुष त्यावरून गाडी खोलायला शिकले. ज्ञान मेकॅनिकच्या दुकानात कुलूपबंद न ठेवता असे लोकांच्या हाती दिले की काय होते, याचा तो चांगला नमुना आहे.

ठरावीक कामे अशी. १६०० सीसीच्या नेहमीच्या इंजिनात फक्त अडीच लिटर ऑईल असते आणि कागदी फिल्टर नसतो, नुसती जाळी. म्हणून दर पाच हजार किलोमीटरला ऑईल बदलायचे, जाळी धुवायची. त्याच वेळी टॅपेट पाहायचे. इंजिन पूर्ण थंड हवे, रात्रभर उभे असलेले, आणि फट ०.१५ मिलिमीटर. तिसऱ्या सिलिंडरकडे जास्त लक्ष द्यावे. जुन्या रचनेत ऑईल थंड करणारा भाग त्याच्या हवेच्या वाटेत येतो आणि तो इतरांपेक्षा जास्त तापतो. टॅपेटचा आवाज बंद झाला म्हणून खूश होणारा चालक फसतो. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जळतो, आणि एक दिवस तुटून पिस्टन फोडतो. थोडी टकटक परवडली. फॅनबेल्ट तुटला तर गाडी तिथल्या तिथे थांबवायची, पुढच्या गावापर्यंत न्यायची नाही, कारण त्याच पट्ट्यावर थंड हवेचा पंखा फिरतो.

ब्रेक ऑईल हवेतले पाणी ओढून घेते, ते दोन वर्षांनी बदलावे. वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे ब्रेकचे रबरी पाइप आतून सुजून बंद होतात. बाहेरून चांगले दिसतात, म्हणून राहून जातात.

आग आणि धूर

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. या सुंदर गाड्या जळून जातात. पेट्रोलची टाकी इंजिनाच्या अगदी पुढे, मध्ये फक्त एक पत्रा. तिथून निघणारा रबरी पाइप वर्षांनी तडकतो, थेंब थेंब पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडते. इंजिनाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्र धातूचे असते, आणि ते एकदा पेटले की पाणी टाकल्याने आणखी भडकते. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ब्रिटनमध्ये २०२१ पासून दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल नेहमीचे झाले, आपल्याकडेही ते प्रमाण वाढत गेले. जुन्या जातीचे रबर त्यात टिकत नाही. म्हणून गाडी घरी आली की पहिला खर्च रंगावर नाही, सीट कव्हरवर नाही, तर इथेनॉल सोसणाऱ्या नव्या पाइपवर आणि पक्क्या क्लिपांवर. पावडरचा अग्निशामक चालकाच्या हाताशी ठेवावा, मागच्या कपाटात नको.

दुसरा धोका न दिसणारा. थंडीत आत ऊब यावी म्हणून सायलेन्सरच्या नळीभोवतालची गरम हवा डब्यात घेतात. ते पेटीसारखे आवरण गंजून भोके पडली की हवेबरोबर इंजिनाचा विषारी वायू आत येतो. त्याला वास नाही. झोपलेली माणसे उठत नाहीत. तिसरा धोका आपल्या माय-भगिनी रोज हाताळतात तोच, स्वयंपाकाचा गॅस. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळात बाहेर उघडणारे भोक लागते. काही हौशी लोक वारा येतो म्हणून ते भोक बुजवतात! जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावे, काडी लावून कधीच पाहू नये. शेगडीवर बंद गाडीत शेकत बसू नये. विषारी वायूची सूचना देणारे बॅटरीवरचे यंत्र झोपायच्या जागी लावावे.

आतल्या कामात शिवणकाम येणाऱ्या घराची चांदी होते. गाद्यांच्या खोळी, पडदे, वर उचलणाऱ्या छताचे जाड कापड, सगळे घरी शिवता येते. कापड ओले असताना छत मिटू नये, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते.

आपल्या अंगणातली

कॅम्पर आपल्याकडे क्वचित, पण जुनी मॅटॅडोर एखाद्याच्या वडिलांची म्हणून घरामागे उभी असू शकते. ती ठेवायची असेल तर आधी कागद शोधा. आर. सी. बुक, इंजिन आणि चॅसिस नंबर, जुन्या कराच्या पावत्या. वारस नोंद राहिली असेल तर ती आधी करून घ्या, पाना नंतर. केंद्राने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. मूळ स्वरूपात राखलेल्या, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या खाजगी गाडीची ‘व्हीए’ अक्षरांच्या पाटीसह नोंदणी होऊ शकते. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. म्हणजे भाड्याच्या नंबरावर चाललेली मॅटॅडोर यात सरळ बसत नाही. आर. टी. ओ. मध्ये आधी चौकशी करावी, दलालाच्या तोंडी आश्वासनावर पैसे मोडू नयेत. तोवर निदान टायर जमिनीवरून उचलून गाडी घोड्यांवर घ्या, बॅटरी काढा, टाकीतले सडलेले पेट्रोल किंवा डिझेल उपसा, आणि सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबा. उंदीर तिथूनच आत शिरतात, आणि वायरिंग त्यांना फार आवडते.